गल्लीत हलगी वाजली नाही

"मामा, पाया पडून जाऊ, का तसाच जाऊ?"

आमचे हे आरशासमोर उभे राहून डोक्याला केशरी पटका गुंडाळत होते आणि आरशातूनच माझ्या वडिलांना डिवचत होते. आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. दम इतका लागायचा की एक वाक्य मध्ये दोनदा थांबल्याशिवाय पुरं व्हायचं नाही. पण जावयानं डिवचलं आणि आबा गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं.

"पडा की," आबा म्हणाले. "सुखरूप घरी या... असा आशीर्वाद देतो. जिंकून या असा... न्हाई द्यायचा."

"तेवढापण पुरे झाला."

"आणि हरल्यावर... रडत येऊ नका. पोरगी माझी हाय. तिला तरास नको."

हे खदाखदा हसले, वाकून पाया पडले आणि रिक्षा न घेता पोरांच्या घोळक्यात चालतच स्टेडियमकडे गेले. ती फायनल होती. आमच्या हौद पेठेची गजकेसरी तालीम विरुद्ध पागा पेठेची रणधीर तालीम. म्हणजे माझं सासर विरुद्ध माझं माहेर. त्या दिवशी मी देवीपुढे कुणासाठी हात जोडले ते यांना अजून सांगितलेलं नाही, पण त्यांना ते माहीत असणार.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे प्रकरण सांगून पटत नाही. त्याला वाटतं तालीम म्हणजे कुस्ती आणि लाल माती. ती आहेच. पण आमच्याकडे प्रत्येक तालमीची फुटबॉलची टीम असते, आणि पेठेतलं पोरगं चालायला लागायच्या आधी चेंडूला लाथ मारायला शिकतं. सीझन सुरू झाला की शेजारच्या पेठेतला सख्खा मावसभाऊसुद्धा परका होतो. आणि टीम हरली की त्या संध्याकाळी पेठेत चूल पेटत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. पण पीठ मळायला हातच उठत नाही, चहाची गाडी बंद होते, पोरं कट्ट्यावर माना घालून बसतात. एखाद्या घरातून फोडणीचा वास आला तर शेजारीण खिडकीतून ओरडते, "कुणाकडं बारसं हाय गं?"

माझे आबा, शंकरराव इंगवले, रणधीरचे. खेळाडू नव्हते. उद्यमनगरात फाउंड्रीत साचे भरायचे, आणि कामावरून सुटले की अंगावरची काळी वाळू तशीच घेऊन थेट मैदानावर. रणधीरची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही, आणि एकही विसरले नाहीत. कोणत्या साली गोलकीपर कोण, लेफ्ट आउटला कोण, कुणी चिखलात अनवाणी खेळून गोल घातला, कुणाची नडगी पोस्टाला लागून फुटली, सगळं तोंडपाठ. आई म्हणायची, लग्नाची तारीख विचारली तर दोन मिनिटं आठवत बसतील. मला झोपवताना ते गाणं म्हणायचे नाहीत, टीम म्हणायचे. गोलीपासून सुरू करायचे, आणि सेंटर फॉरवर्डपर्यंत मी झोपलेली असायचे. रणधीरनं मोठा कप आणला त्या आठवड्यात मी जन्मले, म्हणून माझं नाव विजया. त्यानंतर रणधीरला तो कप कधी मिळाला नाही. लोक आबांना चिडवायचे, "शंकरराव, पोरीनं येताना कप परत पाठवला बघा." आबा रागवायचे नाहीत. मला खांद्यावर बसवून म्हणायचे, "आणंल की परत माझी विजू."

एवढा मोठा भक्त, आणि मी लग्न केलं ते गजकेसरीवाल्याशी. उत्तम मंडलिक, रिक्षावाला, पोरगा निर्व्यसनी, स्वभावानं गरीब. आबांनी सगळी चौकशी केली, आणि शेवटी डोकं धरून बसले. "सगळं चांगलं हाय गं," म्हणाले, "पण तेवढं एक सोडलं तर." लग्नाला होकार दिला तो एका अटीवर. मुहूर्त सीझन संपल्यावरचा. बरं, होकार दिला तरी हौद पेठेत मुक्काम करणार नाही म्हणाले, आणि केला नाही. भाऊबीज असो, बारसं असो, जेवायचे आणि चप्पल घालायचे. सीझन असला तर जेवायचेसुद्धा नाहीत, नुसतं पाणी. यांची आणि त्यांची दारातच जुंपायची, आणि मी आत ऐकत भाकऱ्या थापायचे. खरं सांगते, त्या दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे.

मग आई गेली. मग फाउंड्रीतल्या त्या वाळूनं आबांची छाती धरली. मला भाऊ नाही. डॉक्टरांनी हॉस्पिटलातून सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. जे मागतील ते द्या." मी समजले. आणि हे गेले, आबांना सरळ कडेवर उचललं, रिक्षात ठेवलं आणि हौद पेठेत घेऊन आले. त्या रिक्षाच्या मागं गजकेसरीचा हत्ती रंगवलेला होता. आबा म्हणाले, "डोळं झाकतो. पोचल्यावर सांगा."

आणि नेमकं त्याच वर्षी रणधीर फायनलला आली.

फायनलच्या सकाळी रणधीरचा कॅप्टन आमच्या दारात उभा. सयाजी पवार. विशीतला, उंचापुरा, मिसरूड नुकतं फुटलेलं. पागा पेठेचा कॅप्टन फायनलच्या दिवशी हौद पेठेत येतो म्हणजे काय हे पाहायला गल्लीतली पोरं गोळा झाली. पण कुणी वेडंवाकडं बोललं नाही. आबांच्या पायावर डोकं ठेवून तो म्हणाला, "आबा, आज कप घेऊन येतो. हितं तुमच्या पुढ्यात आणून ठेवतो."

"हितं नगं," आबा घाईघाईनं म्हणाले. "हितं आणलास तर... दगडं खाशील. कप तालमीत न्या. मी येतो."

"आबा, तुम्ही कसं येणार?" मी म्हटलं.

"मेलो तरी येतो. तेवढा एकदा बघायचाय... मग माझं काय राहिलं गं?"

सयाजी माझ्याकडे बघत होता. मी मान फिरवली. दुपारी आबांनी गोळी घेतली नाही, पेज घेतली नाही. मॅच संपल्यावर घेतो म्हणाले. दोन्ही पोरं मी नणंदेकडे पाठवली होती. घरात आम्ही दोघंच. तेव्हा काही मोबाइल नव्हते, की बसल्या जागी कळेल. स्टेडियम लांब. आबा छताकडे बघत पडले होते आणि मधूनच बोलत होते. "आता अर्धा खेळ झाला असंल." मग, "आता पाणी प्यायला लागली असतील." मी तांदूळ निवडत बसले होते. निवडून झाले तरी परत तेच निवडत होते.

उन्हं उतरली. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आणि गल्लीच्या तोंडापलीकडून हलगी ऐकू आली, पुसट, आतल्या खोलीत पोचणार नाही अशी.

हलगी आमच्या पेठेत वाजत होती. म्हणजे गजकेसरी जिंकली. लगेच पोरं दिसली, केशरी शर्ट, गुलालानं लाल झालेली डोकी, आणि मधोमध कुणाच्या तरी खांद्यावर तो कप. सगळ्यांच्या पुढे नाचत होते ते आमचे हे. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण हात वर करून पोरांच्या वरताण नाचत होता. आणि गल्लीत वळायला दोन पावलं राहिली तेव्हा ते एकदम थांबले. मागं वळून त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण हलगी थांबली. घुमकं थांबलं. ज्यानं फटाक्यांची माळ काढली होती त्यानं ती परत पिशवीत घातली.

मग ती अख्खी मिरवणूक आमच्या दारावरून मुकाट्यानं गेली. कप कुणीतरी टॉवेलाखाली झाकून घेतला होता. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. जाताना एकेक पोरगं आमच्या दाराकडे बघत होतं, आत आजारी माणूस आहे म्हणून. वयात आलेली, मस्तीतली पोरं ती, वर्षभर ज्या दिवसाची वाट बघतात त्या दिवशी आवाज न करता गेली. मला भरून आलं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. आबांना आत्ता सांगायचं नाही, सकाळी सांगू, असं ठरवून मी आत गेले.

आबा खाटेवर उठून बसले होते. स्वतःच्या स्वतः. पाय खाली सोडले होते. आणि चेहरा, काय सांगू, मी इतक्या वर्षांत तसा चेहरा बघितला नव्हता.

"जिंकलो न्हवं?" ते म्हणाले.

मी सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नगंस, सांगू नगंस. मला कळलं. बघ की... कसं चिडीचूप झालंय. हलगी न्हाई, फटाका न्हाई. आमच्याशी फायनल आणि ही जिंकली असती... तर ह्या गल्लीत उभं राहता आलं असतं? आज हितं चूल पेटायची न्हाई विजू. पेठ बसली बघ ह्यांची. पार बसली."

असं कधी होतं का हो? पण झालं. आयुष्यभर फक्त जिंकलेली आणि हरलेली पेठ बघितलेला माणूस. त्याच्या लेखी शांत पेठ म्हणजे हरलेली पेठ, त्याला तिसरा अर्थच नव्हता. त्याच्यासाठी कुणी हलगी थांबवेल हे त्याच्या स्वप्नातसुद्धा येणार नव्हतं.

मी म्हणायला हवं होतं, आबा, तसं नाही. पण त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसतसुद्धा नव्हते. "तुझी आई पाहिजे होती गं," म्हणाले. "तिनं लई ऐकून घेतलं माझं." मग म्हणाले, "साखर आण." मी साखर आणली. त्यांनी चिमूटभर माझ्या तोंडात घातली आणि चिमूटभर स्वतःच्या.

तेवढ्यात हे आले. मागच्या दारानं येऊन न्हाणीत डोकं, तोंड धुऊन, पटका काढून, अंगात साधा सदरा घालून आले होते. पण पुरुष माणसाचं धुणं ते. उजव्या कानामागं गुलाल तसाच. आबांनी तो पहिल्या झटक्यात बघितला.

"जावईबापू," आबा म्हणाले, "तुम्ही आमच्या पोरांचा गुलाल लावून आला? लई मोठ्या मनाचा माणूस हाय तुम्ही. मी तुम्हाला काय काय बोललो..."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी नाही म्हटलं. काय नाही, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. हे खाली बसले, आबांच्या पायाशी.

"मामा, पेज घ्या आता."

"पेज मरू दे. रिक्षा काढा."

"कुठं?"

"कुठं काय? पागा पेठंत. मिरवणूक निघाली असंल. तालमीत कप आला असंल. मी सयाजीला शब्द दिलाय."

आम्ही दोघांनी काय काय सांगितलं! हवा गार आहे, दम लागेल, उद्या सकाळी जाऊ, डॉक्टर ओरडतील. आबा ऐकतच नव्हते. खुंटीवरची टोपी त्यांनी मागून घेतली. मग त्यांनी यांचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "उद्याचं काय सांगता जावईबापू? आज न्या."

हे उठले. मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागं गेले आणि दार ओढून घेतलं.

"तुम्ही सांगा त्यांना."

"मी? मी गजकेसरीचा. माझ्या तोंडनं ऐकायला लावतेस? तू पोरगी, तू सांग."

"माझ्याच्यानं होत नाही. अहो, त्यांनी मला साखर भरवली."

हे भिंतीला टेकून उभे राहिले. मोठा श्वास घेतला. "चल मग," म्हणाले. "वाटेत बघू. कुणाला जमंल त्यानं सांगायचं."

आबांना शालीत गुंडाळून मागं माझ्या शेजारी बसवलं. यांनी रिक्षाच्या हँडलची केशरी झालर ओरबाडून काढली आणि सीटखाली टाकली. पाठीवरचा हत्ती मात्र रंगवलेला, तो कुठं काढणार. हरलेल्या पेठेत जिंकलेल्यांची रिक्षा घेऊन जाणं म्हणजे काच फुटलीच समजा. पण यांनी रिक्षा सुरू केली.

सरळ गेलं तर पागा पेठ दहा मिनिटांवर. यांनी रिक्षा रंकाळ्याकडून घेतली.

"हिकडनं कशाला?" आबा म्हणाले.

"तिकडं गर्दी असणार मामा."

"व्हय व्हय. गर्दी असणारच." आबा खुशीत मागं टेकले. सगळी वाट ते बोलत होते. दम लागत होता, थांबत होते, पण बोलत होते. गोल कुणी घातला असेल? सयाजीनंच. नाही तर राइट आउटचा तो बुटका. मी जन्मले त्या साली मिरवणूक कशी निघाली होती, गुलालानं ओढा कसा लाल झाला होता, आईनं खिडकीतून मला कसं धरून दाखवलं होतं. दर वळणाला मी मनात म्हणत होते, आता सांगते. दर वळणाला हे मान किंचित मागं करत, मी सांगतेय का बघायला. कुणीच सांगितलं नाही. सगळा रंकाळा मागं पडला.

पागा पेठेच्या कमानीत रिक्षा शिरली आणि आबांचं बोलणं थांबलं.

दिवेलागणीची वेळ, पण दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कोपऱ्यावरची चहाची गाडी ताडपत्रीखाली. कुठं फोडणीचा वास नाही, कुकरची शिट्टी नाही. तालमीचं दार बंद. समोरच्या कट्ट्यावर जांभळे शर्ट घातलेली पोरं रांगेनं बसलेली, बूट बाजूला काढून, कुणी गुडघ्यात डोकं घालून, कुणी नुसताच रस्त्याकडे बघत. एक म्हातारी दारात बसून डोळे पुसत होती.

आबा पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोट यांच्या कानामागं टेकवलं.

"जावईबापू," म्हणाले, "हा गुलाल कुठला?"

यांनी हँडल सोडलं नाही. मागंही बघितलं नाही. "आमच्या पेठेतला, मामा," म्हणाले.

आबांनी हात मागं घेतला आणि बोटाला लागलेला गुलाल शालीला पुसला. मी त्यांचा दंड धरला. मला वाटलं, आता ते कोसळतील.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ए, गजकेसरीची रिक्षा! इथं मजा बघायला आलाय काय रे?" कट्ट्यावरून दोघंतिघं उठली. एकाच्या हातात दगड होता.

आबांनी पडदा बाजूला सारून डोकं बाहेर काढलं. "माझी रिक्षा हाय," म्हणाले. "टाक तो दगड."

दगड पडला. सयाजी धावत आला. खाली मान घालून रिक्षापाशी उभा राहिला, डोळे सुजून लाल. "आबा, का आलाय? कुणी आणलं तुम्हाला?"

"मला उतरीव."

सयाजीनं आणि यांनी मिळून त्यांना कट्ट्यावर नेऊन बसवलं, पोरांच्या मधोमध. मी शाल सावरत मागं उभी राहिले. पाठीमागं एका पोरानं, लहानच होतं, काय वाटलं त्याला देव जाणे, आबांसाठी म्हणून हलगी उचलून एक थाप मारली. आबांनी हात वर केला.

"हरल्यावर वाजवायची नस्ती बाळा. ठेव." मग सयाजीला म्हणाले, "सांग. कशी झाली?"

"एकएक बरोबरी. मग टायब्रेकर."

"शेवटची किक कुणी मारली?"

सयाजी म्हणाला, "मी." आणि तो एवढा मोठा गडी आबांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला.

"गोलीनं अडवली?"

"न्हाई. बारला लागली."

"मग नीट सांग," आबा म्हणाले. आवाजात जरब होती. "गजकेसरीनं न्हाई अडवली. बारनं अडवली. उद्यापासनं कुणीबी इचारलं तर असंच सांगायचं. जे झालं ते सांगायचं... कमी न्हाई, जास्त न्हाई."

माझे हे तिथंच उभे होते, गजकेसरीचे. ते म्हणाले, "बरोबर हाय. बारलाच लागली. आमचा गोली दुसऱ्या बाजूला पडला होता."

पोरांनी माना वर करून यांच्याकडे बघितलं. एकानं सरकून जागा केली, आणि हे पागा पेठेच्या कट्ट्यावर बसले.

मग आबांनी सांगायला सुरुवात केली. मी जन्मभर त्यांच्या तोंडून रणधीरच्या मॅच ऐकल्या, पण त्या सगळ्या जिंकलेल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी हरलेल्या फायनली सांगितल्या. एकेक साल घेतलं. त्या साली शेवटच्या मिनिटाला आपल्याच बॅकच्या पायाला लागून चेंडू आत गेला, तो बॅक पुढं कधी मैदानात आला नाही, आयुष्यभर बाजाराच्या दिवशी तोंड लपवून गेला, आपण त्याला एकदा हाक मारायला पाहिजे होती. त्या साली गोलकीपरची आई सकाळी वारली, तो अंत्यविधी करून आला आणि ओल्या धोतरानं उभा राहिला, आणि आपण हरल्यावर त्यालाच शिव्या घातल्या. नावंसकट सांगत होते. दम लागला की थांबायचे, सयाजीच्या पाठीवरचा हात तसाच. कट्ट्यावर आणखी माणसं येऊन उभी राहिली. बायका दारात आल्या. त्या गप्प पेठेत फक्त आबांचा तुटका आवाज.

"ही सगळी आपलीच माणसं होती," शेवटी म्हणाले. "मी त्यांना सांगितलंच न्हाई कधी. लाज वाटायची." मग म्हणाले, "आजची फायनलबी यात धरा. पोरं चांगली खेळली, म्हणून धरा."

कुणीतरी आबांना दूध आणून देऊ का म्हणून विचारलं. आबा म्हणाले, "पेठ जेवली न्हाई, मग मी कसा घेऊ?" आणि घेतलं नाही.

परत येताना यांनी रिक्षा हळू चालवली. आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं झोपले.

"विजू."

"काय आबा?"

"तुला आधीच माहीत होतं न्हवं?"

मला रडू आवरेना. "होतं आबा. तुम्ही इतकं खुलला होता... माझी जीभच उचलली नाही. तुमची फसवणूक झाली माझ्या हातून."

"रडू नगंस, खुळे." त्यांनी माझा हात शालीत ओढून घेतला. "बरं केलंस. अगं, तासभर जिंकलो की आपण. तुझ्या जन्मानंतर... पहिल्यांदा. लई बरं वाटलं बघ."

पुढून हे मागं न बघता म्हणाले, "तासभर तुम्हीच जिंकला होता, मामा. आम्ही हरलो होतो."

आबा हसले. हसताना खोकला आला, तो थांबता थांबेना, मी त्यांची पाठ चोळत राहिले. घरी आणून निजवलं. पहाटे मी उठून बघितलं तर ते गेलेले होते. तोंड पागा पेठेच्या दिशेला वगैरे काही नव्हतं, नेहमीसारखे डाव्या कुशीवर होते. यांनी दाराला डोकं टेकवलं आणि लहान मुलासारखे रडले. मग तोंड धुऊन पागा पेठेत सांगायला गेले, हत्तीची रिक्षा दारातच ठेवून, पायी.